कोणत्या पिक्चरची नक्कल?

"तो बसचा सीन भन्नाट होता! कोणत्या पिक्चरची नक्कल आहे ती?" मी फोनवर मुलीला विचारलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "शेवटी मात्र आमच्याकडे नेट अडकलं होतं बुवा. चित्र हलेचना."

मला वाटलं, आता फोनचंही नेट गेलं. मी हॅलो हॅलो करत हॉलमधून गॅलरीत गेलो.

"ऐकतेय, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, कोणत्या पिक्चरची असेल?"

मी इथे उज्जैनमध्ये एका शाळेत अकरावी-बारावीला हिंदी शिकवतो. मराठी घरातला माणूस हिंदी शिकवतो याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही, कारण आमचं अर्धं बोलणं तसंही तिकडचं असतं. तर आमच्या पेपरात एक हुकमी प्रश्न येतो, संदर्भ-प्रसंग सहित व्याख्या. उतारा समोर आला की तो कुठून घेतलाय, कोण कोणाला म्हणतंय आणि का, ते सांगायचं. आणि उत्तर येत नसलं तरी जागा रिकामी सोडायची नाही, हे मी मुलांना दरवर्षी बजावतो. त्यामुळे मीही सोडली नाही.

"साऊथचा असणार," मी म्हणालो. "हिंदीत डब केलेला. तो हिरो असतो बघ, एका हाताने जीप थांबवणारा."

"हं. असेल," ती म्हणाली. "आईला द्या फोन."

ही चूक किती मोठी होती ते मला कळायला बरेच दिवस लागले. पण फोन बायकोच्या हातात देताना, पेपर सोपा गेल्यासारखं वाटत असताना, आत कुठेतरी काहीतरी खटकलं होतं, हे खरं.

आमची मुलगी मुंबईत एका स्टुडिओत लिहिण्याचं काम करते. कार्टून मालिका आहे, पण मोठ्या माणसांसाठी. हे 'मोठ्या माणसांसाठी' प्रकरण लोकांना समजावता समजावता माझी पुरेवाट होते. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कार्टून काढते ना पोरगी? आमच्या नातवाला लावून द्या की. जेवताना बघेल." मी म्हणालो, "काकू, ते अजून मध्य प्रदेशात आलेलं नाही." काकू हिरमुसल्या. मध्य प्रदेशावर बऱ्याच गोष्टी उशिरा येण्याचा आरोप आहेच, त्यात एक भर.

पहिला भाग मी एकट्याने पाहिला. एका लहान शहरातलं कुटुंब. ढेरपोट्या बाप, जो दिसेल त्याला शिकवत सुटतो. टीव्हीवर बातम्या देणाऱ्याशी भांडणारी आई. क्रिकेटवर सट्टा लावणारी आजी. त्या आजीने पहिलं वाक्य उच्चारलं आणि मी उठून आधी खिडक्या लावल्या. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोण आलंय हो भांडायला?"

"कोणी नाही. लेकीचं काम ऐकतोय."

त्यानंतर मी कानात इअरफोन घालून बघायला लागलो. बायको म्हणाली, "मला नाही बघायचं. मुलीने लिहिलेल्या शिव्या मुलीच्या आईने का ऐकायच्या?" पण तिचं आणि मुलीचं रोज बोलणं व्हायचं, तिला कार्टूनची गरज नव्हती. मला होती.

कारण ती मुंबईला गेल्यापासून आमचं फोनवरचं संभाषण असं असायचं: "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "हो. आईला देतो." आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलायला विषय तरी असता. तिच्या जगातलं मला काही कळत नव्हतं, आणि माझ्या जगात कळण्यासारखं नवीन काही घडत नव्हतं.

मग ही मालिका आली. तिच्यात प्रत्येक भागात कशाची ना कशाची टर उडवलेली असायची. पिक्चर, सासू-सुनांच्या मालिका, टूथपेस्टच्या जाहिराती, गाण्याच्या स्पर्धेत रडणारे परीक्षक, बातम्यांमधली भांडणं. निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. एका रविवारी मी सहज फोन करून विचारलं, "ती आजी भुताच्या गाडीत बसते, ते कशावरून घेतलंय?" आणि मुलगी बोलायला लागली. कुठला परदेशी सिनेमा, त्यात काय होतं, त्याची नक्कल करताना गाडीच्या जागी टेम्पो का घेतला, आजीच्या हातात पंख्याऐवजी लाटणं का दिलं. मी मध्ये मध्ये "अच्छा, अच्छा" म्हणत होतो. फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. लेकीशी बोलताना गार झालेला तो पहिला चहा.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तयारी करून बसायचो. कधी कधी एखादा संदर्भ मला स्वतःला ओळखू यायचा. जुन्या काळातल्या टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या, ते ढग, ती छडी. मग मी फोन लागल्या लागल्या ओरडायचो, "एक ओळखला!" ती हसून म्हणायची, "वा बाबा, पास!" तीस वर्षं लोकांना पास-नापास करणाऱ्याला कोणीतरी पास केलं, याचा आनंद काही वेगळाच असतो.

आणि मग तो बसचा भाग आला.

त्यात तो ढेरपोट्या बाप काळा कोट, काळा गॉगल घालून एका मोठ्या बसचा पाठलाग करतो. मागे स्फोट होतायत, कबुतरं उडतायत, सगळं संथ गतीने. पोट मात्र भरभर हलतंय. तो बसला गाठतो, खिडकीतून आत एक गोल, चकचकीत वस्तू सरकवतो. प्रवासी "बम! बम!" ओरडत सीटखाली घुसतात. कंडक्टर देवाचं नाव घेतो. खिडकीशी बसलेली मुलगी शांतपणे ती वस्तू उघडते, तर आत चटणी. बाप म्हणतो, "झाकण घट्ट लाव." बस निघून जाते. मी इतका हसलो की इअरफोन कानातून पडला. काय मूर्ख माणूस आहे, मी म्हटलं.

त्यानंतरच नेट अडकलं, असं मला वाटलं. बसच्या मागच्या काचेतून दिसणारा रस्ता, रस्त्यात उभा राहिलेला तो बाप. गॉगल नाही, कोट नाही, साधा शर्ट. संगीत नाही. काही होतच नव्हतं. मी स्क्रीनवर दोनदा बोटही आपटलं.

पुढच्या रविवारी मी तयारीत बसलो. फोन लावला तर तिने उचलला नाही. दुपारी मेसेज आला, "काम आहे बाबा, नंतर बोलू." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आईशी मात्र ती रोज बोलत होती, मी गॅलरीत उभा राहून झाडांना पाणी घालता घालता ऐकत होतो.

"काही म्हणाली का?" मी बायकोला विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"म्हणाली, बाबांनी बीपीची गोळी घेतली का ते बघ."

"ते नाही गं. फोन का उचलत नाही माझा?"

"तुमचं तुम्ही विचारा. मी काय पोस्टमन आहे?"

शेवटी मी तिला सगळं सांगितलं. काय विचारलं, काय उत्तर दिलं, जीप थांबवणारा हिरो वगैरे. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "लावा तो भाग. आणि ते कानातलं काढा, मलाही ऐकू दे."

मी खिडक्या लावल्या. आजीच्या बोलण्याच्या वेळी बायको मेथीकडे बघत राहिली. बस आली तशी ती नीट बसली. सबंध पाठलाग तिने न हसता पाहिला. मी मध्ये मध्ये सांगत होतो, "आता बघ हं, आता बम म्हणतील." ते बम म्हणाले. ती हसली नाही. शेवटी तो उभा राहिलेला बाप आला तेव्हा मी म्हणालो, "इथेच अडकतं बघ."

"अडकलेलं नाही ते," बायको म्हणाली. "त्याचं हेल्मेट कुठे आहे बघा."

हेल्मेट बापाच्या कोपरात अडकवलेलं होतं, पिशवी अडकवावी तसं.

मी बघत राहिलो. माझं हेल्मेट दाराशी खुंटीवर होतं. ते डोक्यावर कमी आणि कोपरात जास्त असतं, यावरून चौकातल्या पोलिसापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलेलं आहे.

"आणि मागे घेऊन खिडकीतल्या पोरीची ओढणी बघा. आपल्या भैरवगढच्या छापाची. मीच आणली होती, कॉलेजला लागली तेव्हा."

मग तिने मेथीची परडी उचलली आणि आत गेली.

मुलगी इंदूरला शिकत होती, तेव्हाची गोष्ट. शनिवारी घरी यायची, सोमवारी सकाळी परत जायची. मी तिला स्कूटरवरून नानाखेड्याच्या बसस्टँडवर सोडायचो. ती चढायची, मी हात हलवायचो, ती म्हणायची, "जा आता बाबा, शाळा आहे ना." मी "हो हो" म्हणून निघायचो.

आणि शाळेकडे न वळता इंदूर रोडला लागायचो.

इंदूरची बस स्टँडवरून सुटली म्हणजे सुटली असं नसतं. कंडक्टर पायरीवर लटकून "इंदौर, इंदौर, इंदौर!" करत प्रत्येक चौकात माणसं गोळा करतो. एखादी बाई लांबून हात दाखवत येत असेल तर बस तिच्यासाठी थांबते, आणि बाई पोचल्यावर तिचा नवरा मागून येत असतो, त्याच्यासाठीही थांबते. स्कूटरवाला तिला आरामात मागे टाकतो. गावाबाहेर शनिमंदिराच्या अलीकडे बस शेवटचे प्रवासी घेते. तिथे मी जाऊन उभा राहायचो. बस आली की खिडकीशी जायचो आणि म्हणायचो, "अगं, हे राहिलंच होतं!" आणि चटणीचा स्टीलचा डबा आत द्यायचो.

डबा राहिलेला नसायचा. बायको तो रात्रीच तिच्या बॅगेत भरायची. सकाळी मी तो हळूच काढून स्कूटरच्या डिकीत टाकायचो. मुलीला नुसतं आणखी एकदा बघायला आलो, असं म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे कोणी तसं म्हणत नाही. हातात काहीतरी असलं की बरं असतं. डबा देऊन झाला की बोलायला काही उरायचं नाही, म्हणून मी म्हणायचो, "झाकण घट्ट लाव." बस सुटायची. मी ती वळेपर्यंत उभा राहायचो आणि शाळेत उशीर झाल्याबद्दल प्राचार्यांना दर सोमवारी नवीन कारण सांगायचो.

मला वाटायचं, हे कोणाला ठाऊक नाही.

मी तो शेवट पुन्हा लावला. तो अडकलेला नव्हता. बापाच्या शर्टाची कडा वाऱ्याने हलत होती, आणि बस पुढे जाईल तसा तो अगदी हळूहळू लहान होत होता. सगळ्या भागात तेवढीच जागा होती जिथे कोणी कोणाची टर उडवत नव्हतं. मी तिथे स्क्रीनवर बोट आपटलं होतं.

सगळ्या देशाने तो पाठलाग बघून कुठल्या तरी हिरोला ओळखलं असेल. त्यातला हा संदर्भ ओळखू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याने फोन करून विचारलं होतं, कोणत्या पिक्चरची नक्कल.

मी मेसेज लिहायला घेतला. "बेटा, संदर्भ लक्षात आला." वाचून पाहिला, तर पेपरावर लाल शाईने शेरा मारल्यासारखा वाटला. पुसला. "तो मीच आहे हे मला ओळखू आलं नाही." हेही पुसलं, कारण वाचल्यावर मलाच माझी दया आली. शेवटी फक्त "छान होता भाग" एवढंच पाठवलं. तिने अंगठा पाठवला. पुढचा रविवारही तसाच गेला. मी इअरफोन कपाटात ठेवून दिले.

मग तिच्या मैत्रिणीचं इंदूरला लग्न निघालं, आणि त्याआधी दोन दिवस ती घरी आली.

त्या दोन दिवसांत मी किती वेळा तोंड उघडलं! प्रत्येक वेळी बाहेर भलतंच पडायचं. "मुंबईत पाण्याचं कसं आहे?" "ठीक आहे, बाबा." "भाडं वाढवलं का मालकाने?" "नाही, बाबा." संध्याकाळी पोह्यांवर शेव घालता घालता मी म्हणालो, "तो बसचा भाग..." तिने मान वर केली. मी म्हणालो, "त्यात आवाज फार स्वच्छ आला होता." ती म्हणाली, "हं." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी शेव घेतली.

निघायच्या दिवशी मी म्हणालो, "टॅक्सी बोलावतो, लग्नाच्या साड्या आहेत."

"नको," ती म्हणाली. "बसने जाते. तुम्ही सोडा स्टँडवर."

मी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी चटणीचा डबा भरत होती. डबा आमच्या दोघांच्या देखत तिने बॅगेत टाकला, चेन लावली आणि बॅग मुलीच्या खांद्याला दिली. मी म्हणालो, "दे, मी धरतो." मुलगी म्हणाली, "राहू दे, हलकी आहे." स्कूटरवर ती बॅग मांडीवर घेऊन बसली. स्टँडवर ती बॅगेसकट बसमध्ये चढली. डावीकडची खिडकी घेतली. ती नेहमी डावीकडचीच घ्यायची. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला तीच बाजू दिसते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"जा आता बाबा," ती म्हणाली. "शाळा आहे ना?"

"हो हो," मी म्हणालो.

रविवार होता.

स्कूटर सुरू केली आणि तशीच उभी ठेवली. डिकी रिकामी होती. शेव घ्यावी का कुठून, केळी घ्यावीत का, असं मनात येऊन गेलं, पण बस मागे घेत होते. घर एकीकडे, इंदूर रोड दुसरीकडे. इतकी वर्षं डब्याच्या आडून गेलो होतो. नुसतं जायचं म्हणजे काय करायचं, तेच समजेना. तरी हँडल इंदूर रोडकडे वळलं.

आता रस्ता रुंद झालाय आणि माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. कबुतरं नव्हती, स्फोट नव्हते. मागून एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवून सांगितलं, "चाचा, साइड में!" शनिमंदिराच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो. हेल्मेट काढलं. ते कोपरात गेलं.

बस आली. कंडक्टर उतरून ओरडायला लागला. मी खिडकीशी गेलो. मुलगी माझ्याकडे बघत होती. माझे दोन्ही हात रिकामे, आणि ते कुठे ठेवावेत ते कळेना.

"काय राहिलं, बाबा?" तिने विचारलं.

आता तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काही नाही. काहीच राहिलेलं नाही." कोपरातलं हेल्मेट सावरलं. "असाच आलो. तुला बघायला."

कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, चढ़ना है या नहीं?" मी म्हणालो, "नहीं भैया, एक मिनट."

तिने खाली वाकून बॅगेची चेन उघडली. डबा काढला आणि खिडकीतून माझ्यापुढे धरला.

"झाकण सैल झालंय," ती म्हणाली. "घट्ट लावून द्या."

मी डबा घेतला. दोन्ही तळव्यांत धरून झाकण दाबलं. चष्म्यावर धूळ बसली असावी, मला झाकण नीट दिसत नव्हतं, पण जोर लावून दाबलं आणि डबा परत दिला. तिने तो बॅगेत न ठेवता मांडीवर ठेवला.

"रविवारी करते फोन," ती म्हणाली. "नवीन भाग येतोय. तयारी करून बसा."

बस निघाली. ती वळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मागच्या काचेत कोणीतरी हात हलवत होतं. मीही हलवला, हेल्मेटसकट.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. मी तिला सगळं सांगितलं, ट्रॅक्टरवाल्यापासून डब्यापर्यंत. सांगता सांगता म्हणालो, "बरं झालं मी गेलो. झाकण सैल झालं होतं, सगळी चटणी साड्यांवर सांडली असती."

तिने पोळीवर तूप सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाकण मी घट्टच लावलं होतं."